पेन्सिलीचं सोडू नका

आठ दिवसांत ताईच्या नवऱ्याला एकदाही आपले बूट जागेवर सापडले नव्हते. सकाळी कामावर निघायचं म्हणून दाराशी यावं, तर तिथं फरशी लख्ख. मग शोधाशोध. एकदा ते कपाटात धुतलेल्या चादरींच्या मागे निघाले, एकदा पलंगाखाली, आणि सोमवारी तर बाथरूममध्ये, उपड्या बादलीच्या आत. नवरा पाणीपुरवठा खात्यात होता, जमिनीखालची गळती शोधण्यात उभी हयात गेलेली. तरी त्यानंही हात टेकले.

"तुझ्या पाहुणीचा माझ्या बुटांवर काय राग आहे, एकदा विचारून घे," तो म्हणाला. "माझ्यावर असेल तर तसं सांग म्हणावं. बुटांचे हाल नकोत."

पाहुणी म्हणजे ब्राझीलहून आलेली बहात्तर वर्षांची बाई. तिचं नाव काही नवऱ्याच्या जिभेला वळेना, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं आणि तिलाही ते आवडलं. मावशीच्या नजरेच्या मधोमध कायमचा डाग पडला होता. समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, अक्षर दिसायचं नाही. कडेनं काही हललं तर तेवढं कळायचं. एवढं असून दाराशी कुणी पायातलं काढलं की ही चाचपडत यायची, उचलायची आणि घरात कुठंतरी खोल दडवायची. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, ती अनवाणी परत गेली. तिच्या चपला दुसऱ्या दिवशी धान्याच्या डब्यांमागे सापडल्या.

ताईनं विचारलं मात्र नाही. म्हाताऱ्या माणसाची खोड असेल म्हणून सोडून दिलं. परदेशी पहिल्यांदाच आलेली, विमानात पहिल्यांदाच बसलेली बाई. तिला कशाला उघडं पाडायचं?

ताई हे काही तिचं नाव नव्हे, पण नाटकमंडळींत तिला सगळे ताईच म्हणत. पोट भरायला ती औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या भाषांतरित करायची: गोळी किती वेळा घ्यायची, कुणी घ्यायची नाही, पुरळ आलं तर काय. त्या कामानं तिला एक शिस्त लावली होती. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. दिवसातून दोनदा यातला 'दोनदा' सुटला तर एखाद्याचा जीव जातो. आणि हौस म्हणून, नव्हे, खरं तर जीव लावून, गेली बावीस वर्षं ती एकाच ब्राझिलियन नाटककार बाईची नाटकं आपल्या भाषेत आणत होती. दोघींची कधी भेट झाली नाही, पत्रं मात्र दोन खोकी भरतील एवढी. नाटककार बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. मावशी ही त्यांची धाकटी बहीण.

आता त्यांच्या आठवणीखातर तीन दुपारी नाट्यवाचनं ठेवली होती. नाट्यवाचन म्हणजे नाटक खरं, पण त्याचे दागिने उतरवलेले. पडदा नाही, वेष नाही, नट हातात संहिता घेऊन उभे राहतात आणि वाचतात. आणि एरवी जे प्रेक्षकांना कधीच ऐकू येत नाही, ती कंसातली रंगसूचना, कोण कुठून येतं, कोण काय उचलतं, तीही इथं एक जण मोठ्यानं वाचतो. हे काम एका निवृत्त निवेदकाकडे होतं. त्यानं तीस वर्षं रेडिओवर बातम्या दिल्या होत्या, म्हणून त्याला सगळे बातम्याकाका म्हणत.

तिसऱ्या दुपारी शेवटचं नाटक होतं 'दाराशी बूट'. हे बाईंचं सगळ्यात गाजलेलं. लष्कराच्या राजवटीतलं घर, दोन बहिणी, शिवणकाम करून जगणाऱ्या. धाकटीचा नवरा सरकारच्या डोळ्यांवर आलेला, म्हणून त्याला माळ्यावर लपवलेलं. पहाटे शिपाई येतात. थोरली छातीचा कोट करून दारात उभी राहते, कोणी नाही म्हणून सांगते. पण दाराशी एक जोडी मोठे, ओले बूट वाळत ठेवलेले असतात. शिपायांची नजर बुटांवर जाते, मग वर माळ्याकडे, आणि ते त्याला घेऊन जातात. मागे दोघी बहिणी उरतात. छापील पुस्तकात हे असं आहे.

पण ताईनं छापील पुस्तकावरून केलं नव्हतं. वारण्याच्या आठ महिने आधी बाईंनी तिला स्वतःची टंकलिखित प्रत टपालानं पाठवली होती. सोबत दोन ओळी. छापील बाजूला ठेवा, हिच्यावरून करा. आणि पेन्सिलीचं सोडू नका.

पेन्सिलीनं नऊ ठिकाणी लिहिलेलं होतं, अगदी पुसट. ताईनं ती नऊच्या नऊ वाक्यं रंगसूचना म्हणून घेतली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, कारण बाईंच्या रंगसूचना पहिल्यापासूनच वेड लावणाऱ्या. एका नाटकात त्यांनी लिहिलं होतं, 'समुद्र ओशाळतो.' आता हे रंगमंचावर करायचं कुणी? त्या मानानं पेन्सिलीतल्या सूचना साध्या होत्या. थोरली 'इथं कोणी नाही' म्हणते तिथं समासात एवढंच होतं: 'बोट वर, माळ्याकडे.' तोंडानं नाही म्हणायचं आणि बोटानं दाखवायचं! ताई वाचून थक्क झाली होती. म्हातारपणी बाईंनी आपल्याच नायिकेला उलटी करून ठेवली, केवढी हिंमत! त्या सूचनेखाली तारीख होती, अकरा मार्च, पहाटे पाच. ताईच्या डोळ्यांसमोर आलं की पहाटे झोप न येणारी म्हातारी दिवा लावून बसलीय, पेन्सिलीला टोक काढून आपलं जुनं नाटक सुधारतेय. तिला फार माया वाटली. तारीख काही वाचायची नसते, म्हणून ती तिनं घेतली नाही. बावीस वर्षांत एवढं एकच तिनं गाळलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह भरलं होतं. तीनशे खुर्च्या, मागे उभी असलेली माणसं वेगळी. मावशी पहिल्या रांगेत कडेला, आणि तिच्या डाव्या कानाशी ताई. मंचावर एक वाक्य पडलं की ताई ते कुजबुजत पोर्तुगीजमध्ये परत करायची. म्हणजे बाईंचं वाक्य समुद्र ओलांडून आलं, कपडे बदलून मंचावर उभं राहिलं, आणि आता ताईच्या तोंडून पुन्हा आपल्या घरी जात होतं. दोन दुपारी हे छान जमलं होतं. मावशी मान डोलवायची, मधेच हसायची, 'ही अशीच बोलायची' म्हणायची.

आज मात्र पहिल्या अंकभर ती हू की चू करत नव्हती. मध्यंतरात ताईनं तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं, कॉफी हातात दिली. खोलीत घडीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या, एक मोडका माइक, बाकी कोणी नाही. दाराबाहेर कुणीतरी ओली छत्री ठेवली होती. मावशीनं जाता जाता तीही उचलून आत घेतली. ताईला हसू आवरेना.

"मावशी, तुम्ही या नाटकातल्या बुटांचा भलताच धसका घेतलाय," ती म्हणाली. "माझा नवरा मेटाकुटीला आलाय."

मावशीनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"नाटकाचा नाही," ती म्हणाली. "ते बूट मीच ठेवले होते."

ताईला आधी कळलंच नाही.

"ताईनं मुलाखतींत सांगितलं की सगळं मनातलं आहे," मावशी सांगू लागली. ती बहिणीला आपल्या भाषेत जे म्हणायची त्याचा अर्थ ताईच होता, आणि ते ऐकून आपल्या ताईला दर वेळी ओ द्यावीशी वाटे. "मनातलं काही नाही. आमचंच घर, आमचंच शिवणयंत्र, माझाच नवरा. लग्नाला पाच महिने झाले होते. आदल्या दिवशी तो पावसात भिजून आला. मी बूट बाहेर वाळत टाकले आणि आत घ्यायला विसरले. अकरा मार्च, पहाटे पाच वाजता ते आले. एकानं माझा दंड धरून मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. ताई म्हणाली, इथं कोणी नाही, आम्ही दोघी बहिणीच आहोत. कसला आवाज लागला होता तिचा! जराही कापला नाही. मी मनात म्हटलं, वाचलो. आणि दुसऱ्या क्षणी माळ्याची शिडी वाजली."

मावशीनं कप पुन्हा उचलला, पण प्यायली नाही.

"ताईनं मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. पन्नास वर्षं. उलट मी रडले की म्हणायची, जाऊ दे, तू काय मुद्दाम ठेवलेस? इतकी मोठ्या मनाची. म्हणून मीच कुणाचे बूट बाहेर राहू देत नाही. वेड आहे, मला कळतं. तुझ्या नवऱ्याची माझ्या वतीनं माफी माग."

ताईच्या कानात 'अकरा मार्च, पहाटे पाच' एवढंच घुमत राहिलं. "आलेच मी," असं कसंबसं म्हणून ती बाहेरच्या बोळात आली, पिशवीतून ती प्रत काढली आणि भिंतीला टेकून पान उलटलं. पान एकसष्ट. 'बोट वर, माळ्याकडे.' आणि खाली ती तारीख.

पहाटे झोप न येणारी प्रेमळ म्हातारी कुठली न् काय! ही रंगसूचना नव्हतीच. हा कबुलीजबाब होता. बाकीची आठ वाक्यं तिनं भराभर पाहिली. 'थोरली बुटांकडे बघते. तिला सुचतं.' 'धाकटी विचारते, बुटांमुळं का? थोरली गप्प.' शेवटच्या पानावर नुसतं, 'गप्प. अजून गप्प.' हेच तिनं हौसेनं भाषांतरित केलं होतं, मित्रमैत्रिणींना वाचून दाखवलं होतं, 'काय लिहिते बघा' म्हणून मिरवलं होतं. आता तिला ते वाचवेना.

आणि मग दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा वाईट. बाईंनी ही प्रत तिलाच का पाठवली? घरी बहिणीला नाही, तिथल्या प्रकाशकाला नाही. समुद्रापलीकडे, जिथली भाषा बहिणीला येत नाही, जिथं ती कधी येणार नाही, तिथं. कुठंतरी मोठ्यानं म्हटलं जावं, फक्त तिच्या कानावर पडू नये. अख्ख्या जगात असं गाव शोधून बाईंनी तिथं ताईला बसवलं होतं. आणि आयोजकांनी, ताईच्याच आग्रहानं, त्या बहिणीला तिकीट काढून पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं.

ती धावत दिग्दर्शकाकडे गेली. तो मंचामागे नटांना पाणी देत होता, तिशीतला उत्साही गडी.

"एकसष्ट पानावरची सूचना काढ," ताई म्हणाली. "बोटाची."

"काय?" त्याचे डोळे पांढरे व्हायचे राहिले. "ताई, त्या एका ओळीवर मी अख्खा दुसरा अंक उभा केलाय. तुम्हीच तर नाचत आला होतात ती ओळ घेऊन! का काढायची?"

आता काय सांगणार? सांगायचं म्हणजे मावशीच्या आधी त्याला सांगायचं. "चूक झालीय माझी," ती म्हणाली. "ते तसं नाहीये."

"मूळ प्रतीत आहे ना?"

"आहे."

"मग चूक कसली? तुमचाच नियम आहे, गाळायचं नाही," असं म्हणून तो पळालासुद्धा. पहिली घंटा झाली होती.

बातम्याकाका चष्मा पुसत बसले होते. ताईनं त्यांचा हात धरला. "काका, एक ओळ सोडाल? माझ्यासाठी?"

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, एकदा सकाळच्या बातमीपत्रात माझ्यासमोर कागद आला. बस दरीत कोसळली, आणि मेलेल्यांत माझ्या सख्ख्या चुलत्याचं नाव. मी वाचलं. पुढं हवामानही वाचलं. समोर आलेलं सोडायची सवयच नाही राहिली आता. काय झालंय?"

दुसरी घंटा झाली. ताईनं मान हलवली आणि परत फिरली. खुर्चीपर्यंतच्या वीस पावलांत तिनं ठरवून टाकलं. सभागृहात तीनशे माणसांना ऐकू येईल, येऊ दे. त्यांच्यासाठी ते नाटक आहे. ज्या एकीसाठी ते नाटक नाही, तिला ताईखेरीज कोण सांगणार? ती ते वाक्य कुजबुजणारच नाही. पन्नास वर्षं जिला देवासारखं मानलं, ती बहीण मेल्यानंतर हिच्याकडून का हिरावायची? औषधाच्या चिठ्ठ्यांचे नियम औषधाला. एक ओळ गिळायची, बस. तिला जरा धीर आला.

दुसरा अंक सुरू झाला. थोरलीचं काम करणारी बाई दिवसा बँकेत काउंटरवर बसायची. आवाज असा की नोटा मोजतानाही ऐकत राहावं. शिपाई आले. दार वाजलं. ताई कुजबुजत होती, एकेक वाक्य, नेमकं. मावशीचा हात तिच्या मनगटावर होता, नेहमीसारखा, हलका.

"इथं कोणी नाही," मंचावर थोरली म्हणाली. "आम्ही दोघी बहिणीच आहोत."

ताईनं ते कानात सांगितलं.

मग बातम्याकाकांचा तो शांत, घोटलेला आवाज आला: "बोट वर, माळ्याकडे."

ताई गप्प बसली.

सभागृहाचा श्वास अडकला. मागे कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. आणि तालमीत कधीही न केलेली गोष्ट बँकेतल्या बाईनं केली. संहिता धरलेला उजवा हात तसाच ठेवून तिनं डावा हात वर नेला, हळूच, बोट छताकडे. नाट्यवाचनात अभिनय करायचा नाही असं बजावलेलं होतं. तिला बहुधा राहवलं नाही.

मावशीची पकड घट्ट झाली.

"काय म्हणाला तो?"

"दार लावते म्हणाला," ताई म्हणाली. आयुष्यातलं पहिलं खोटं भाषांतर, आणि तेही इतकं गबाळं.

"दार लावल्यावर एवढी माणसं श्वास रोखत नाहीत." मावशीचा आवाज अगदी खाली होता. "तिचा हात वर गेला. मला तोंड दिसत नाही गं, हात दिसतो. कुठं गेला तिचा हात?"

मंचावर वाक्यं पुढं चालली होती, एकामागून एक, न सांगता. ताईला कळेना की पान कितवं आहे. तिनं सगळा विचार केला होता. माणसाला दोन हात असतात आणि हातांना भाषांतर लागत नाही, एवढा विचार तेवढा राहून गेला होता. ही बाई त्या बावीस वर्षांत तिला ओळखतही नव्हती. पण गेल्या तीन दुपारी तिच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवला होता. आणि आता ती ताईच्या मनगटाला धरून विचारत होती. पुन्हा खोटं बोलायला ताईची जीभ वळेना.

"बोट वर, माळ्याकडे," ताईनं सांगितलं. बाईंचेच शब्द, बाईंच्याच भाषेत.

"हे तू घातलंस की तिचं आहे?"

"त्यांचं आहे. स्वतःच्या प्रतीत, पेन्सिलीनं लिहिलंय." आणि मग जे गाळलं होतं तेही तिनं भरून दिलं. "खाली तारीख आहे. अकरा मार्च, पहाटे पाच."

मावशी रडेल, उठेल, ओरडेल, कोसळेल, असं सगळं ताईच्या डोळ्यांपुढून गेलं. रुग्णवाहिकेचा नंबरसुद्धा आठवून झाला. मावशीनं यातलं काहीच केलं नाही. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि ती मंचाकडे बघत होती, जिथं तिला तोंडं दिसत नव्हती.

"पुढचं सांग," ती शेवटी म्हणाली. "चालू आहे ना? सांग. काही सोडू नकोस आता."

ताईनं शेवटपर्यंत सांगितलं. बुटांकडे बघून थोरलीला सुचतं तेही, बुटांमुळं का म्हणून धाकटी विचारते तेही, आणि 'गप्प, अजून गप्प' हेसुद्धा.

टाळ्या थांबेचनात. लोक उभे राहिले. दिग्दर्शक गुच्छ घेऊन पुढं आला, नाटककार बाईंच्या भगिनी आज आपल्यात आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणाला. ताईनं मावशीला धरून वर नेलं. मावशीनं माइक हातात घेतला, तो कुठून धरायचा ते चाचपून पाहिलं.

"माझ्या बहिणीचं हे नाटक मी तीस वेळा पाहिलं," ती म्हणाली. "पूर्ण आज पहिल्यांदा ऐकलं. आभारी आहे."

ताईनं ते जसंच्या तसं सांगितलं. लोकांना केवढं आवडलं! पुन्हा टाळ्या पडल्या, एक-दोघांनी डोळे पुसले. बातम्याकाका तेवढे टाळी वाजवत नव्हते. ते ताईच्या तोंडाकडे बघत होते आणि हातातला चष्मा तसाच राहिला होता.

दोघी टॅक्सीनं घरी निघाल्या. बाहेर अजून उजेड होता, दुकानं उघडी होती, माणसं भाजी घेत होती, जणू काही झालंच नव्हतं. ताईला त्या माणसांचाही राग आला.

"मी नको होतं सांगायला," तिला राहवेना.

"त्यांनी माझा दंड धरला होता," मावशी म्हणाली, जणू ऐकलंच नाही. "दोघांपैकी एकाला नेलंच असतं. मला नाहीतर त्याला. तिनं त्याला दिलं. मला वाचवायला दिलं असेल. तिला विचार करायला वेळ तरी कुठं होता? ते मी माफ केलं असतं गं. त्याच दिवशी केलं असतं. दोघी मिळून रडलो असतो." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "पण बूट? बूट तिनं मला पन्नास वर्षं का वाहू दिले? मी रडायचे तेव्हा पाठीवरून हात फिरवायची. तोच हात."

ताईनं मावशीचा हात हातात घेतला आणि ती स्वतःच रडली.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. तो खुशीत होता.

"आज मी हुशारी केली," तो ताईला म्हणाला. "आल्याआल्या बूट मीच कपाटात ठेवून दिले. मावशीला म्हणावं, त्रास वाचवला तुमचा."

ताई तोंड उघडणार, तोच मावशी उंबऱ्याबाहेर वाकली. भिंतीला धरून तिनं आपले बूट काढले, एक, मग दुसरा, आणि ते बाहेरच, जिन्याच्या बाजूला, टाचा जुळवून ठेवले. मग आत येऊन कपाट चाचपत उघडलं. नवऱ्याचे बूट छातीशी धरून ती पुन्हा बाहेर गेली आणि आपल्या बुटांशेजारी तेही ठेवले. ठेवून झाल्यावर ती सरळ उभी राहिली आणि जिन्याकडे कान देऊन थांबली. जिन्यात कुणाचंच पाऊल वाजलं नाही.

नवरा चक्रावून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "अगं, बाहेर कशाला? उचलून नेले कुणी तर? काही झालं म्हणजे?"

ताईनं तो प्रश्न मावशीला सांगितला.

"त्याला सांग," मावशी म्हणाली, "बुटांमुळं काही होत नाही."

ताईनं त्याला सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.